तोळामासा खांदा

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला चारचौघे पहिला प्रश्न विचारतात तो नायगाराचा. आम्हालाही विचारला. २०२२ च्या सप्टेंबरात सौ. आणि मी लेकीकडे पेनसिल्व्हेनियात गेलो, सहा महिने राहिलो, आणि मधल्या काळात जावईबापूंनी आम्हाला नायगाराही दाखवून आणला. धबधबा मोठा आहे. आम्ही भिजलो. याहून अधिक सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. कारण डोंबिवलीच्या गॅलरीत बसून त्या सहा महिन्यांची आठवण काढली, की डोळ्यांपुढे येतो तो धबधबा नव्हे, तर ७४ वर्षांच्या एका शेजाऱ्याचा उजवा खांदा.

लेकीच्या गावाचे नाव बेथलेहेम. मोराव्हियन पंथाचे जर्मन बोलणारे लोक इथे येऊन राहिले आणि १७४१ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री त्यांनी आपल्या वस्तीला हे नाव दिले. उत्तरेला दहा मैलांवर नाझरेथही आहे. बेथलेहेमहून निघालेला माणूस मोटारीने वीस-पंचवीस मिनिटांत नाझरेथला पोचतो. मूळच्या पवित्र भूमीत ही सोय नाही! गावाच्या मधून लीहाय नदी वाहते. तिच्या काठी पोलादाचा प्रचंड कारखाना होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाला इथले पोलाद गेले. १९९५ साली इथल्या भट्ट्या विझल्या. आता त्या उंच काळ्या भट्ट्या नुसत्याच उभ्या आहेत आणि रात्री त्यांच्यावर रंगीत दिवे सोडतात. दक्षिणेच्या डोंगरावर १९३७ पासून विजेचा एक मोठा तारा लागतो. नाताळात तर घरोघरी ओसरीवर अनेक टोकांचे कागदी तारे टांगलेले असतात. ते पाहून सौ. म्हणाली, "अहो, हे तर आपले आकाशकंदीलच की!"

शेजाऱ्यांची ओळखही आकाशकंदिलानेच करून दिली. दिवाळी ऑक्टोबरात आली. जावईबापूंनी शिडीवर चढून ओसरीत कंदील टांगला, आणि कुंपणापलीकडून एक उंच, रुंद हाडापेराचे गृहस्थ म्हणाले, "नाताळचा तारा यंदा फारच लवकर लागला!" असे म्हणताना त्यांनी कंदिलाकडे डावा हात दाखवला. उजवा हात अंगाशी धरलेला होता. फराळाचे ताट घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा कारण कळले. जवळजवळ तीस वर्षे पोलादाच्या कारखान्यात काढल्याने खांद्याचे स्नायू झिजले, फाटले, आणि २०२१ च्या वसंतात शस्त्रक्रिया करून ते शिवावे लागले. सौ.ने घरात त्यांचे नाव ठेवले पोलादभाऊजी. "पोलादाच्या कारखान्यातला माणूस," ती म्हणाली, "आणि खांदा मात्र तोळामासा!"

सौ.चे आणि त्यांच्या बाईंचे सूत पहिल्याच भेटीत जमले. बाई गोधड्या शिवीत. पेनसिल्व्हेनियाच्या त्या भागात गोधडीला फार मान आहे. आमच्या सौ.चे इंग्रजी बेताचे, पण गोधडीच्या टाक्याला भाषा कुठे लागते? दोघी तासन्तास चिंध्या जुळवीत बसत, आणि पोलादभाऊजी व मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी कॉफी पीत बसत असू. तिथे एके दिवशी त्यांनी आपली खरी व्यथा सांगितली.

पेनसिल्व्हेनियात हरणे उदंड. लांडगे आणि मोठी रानमांजरे त्या राज्यातून केव्हाच नाहीशी झाली. त्यामुळे पांढऱ्या शेपटीची ही हरणे शेतात, बागेत, रस्त्यात, सगळीकडे. लेकीच्या बागेतली फुलझाडे त्यांनी दोनदा साफ केली होती. तिथे शिकारीला परवाना मिळतो, हंगाम ठरलेले असतात, आणि त्यांत एक हंगाम मोठा नवलाचा आहे. १९७४ साली सुरू झालेला हा हंगाम नाताळच्या दुसऱ्या दिवशी उघडतो, आणि त्यात बंदूक चालते ती फक्त चकमकीची, ठासणीची. काडतूस नाही, टोपी नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, तेलकट फडक्यात गुंडाळलेली गोळी गजाने ठासायची, वाटीत चिमूटभर रंजक घालायची आणि चकमकीची ठिणगी पाडायची. पोलादभाऊजींनी पहिल्या काही हंगामांपासून हा नेम चुकवलेला नव्हता. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी वर्षभर बंदूक बंद सांगितली. वर्ष संपल्यावर म्हणाले, हलक्यापासून सुरुवात करा, दुखले तर थांबा. यांनी जुनी बंदूक काढली, एक बार केला, आणि रात्रभर खांद्यावर बर्फ धरून बसले. "विकून टाकतो," ते मला म्हणाले. आवाज साधाच होता, पण बाईंचे शिवणे थांबले.

ठासणीच्या बंदुकीशी माझी ओळख जुनी आहे. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी आजोबांची एक होती. डुकरे आणि वानरे भातावर, आंब्यावर तुटून पडत, म्हणून पीकरक्षणासाठी तिचा परवाना मिळाला होता. आजोबा दारू तळहातावर घेऊन अंदाजाने ओतीत. जास्त दारू म्हणजे जास्त जोर, हा त्यांचा हिशेब. धक्क्याची भीती वाटे म्हणून दस्ता खांद्यापासून बोटभर लांब धरीत. त्यामुळे बंदूक आधी वेग घेई आणि मग हातोड्यासारखी आदळे. दुसऱ्या दिवशी आजी त्यांच्या खांद्यावर हळदीचा लेप घाली. डुक्कर बहुधा शाबूत असे. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, परवाना सरकारजमा झाला, बंदूकही गेली. हळदीचा वास मात्र मला पोलादभाऊजींच्या स्वयंपाकघरात बसल्या बसल्या आला.

त्यानंतर एका शनिवारी ते आम्हाला नाझरेथजवळच्या जेकब्सबर्गला घेऊन गेले. बुशकिल नावाच्या ओढ्याकाठी गर्द झाडी आहे. तिथे हेन्री नावाच्या घराण्याने १८१२ च्या सुमारास बंदुकांचा कारखाना घातला आणि कित्येक पिढ्या चालवला. आता तिथे लांब बंदुकांचे संग्रहालय आहे. शस्त्रांचे संग्रहालय म्हणून सौ. नाखुशीनेच आत आली. पण त्या बंदुका म्हणजे सुतारकामाचा आणि पितळी नक्षीचा नमुनाच! तिथे इतिहास असा कळतो, की जर्मन आणि स्विस कारागीर येताना आखूड, जाड नळीच्या बंदुका घेऊन आले. इथल्या रानात शिसे आणि दारू दोन्ही महाग, दुर्मिळ. म्हणून त्यांनी नळी लांब केली, तिचे छिद्र बारीक केले. लहान गोळी, थोडी दारू, आणि नेम मात्र नेटका. काटकसरीतून आलेली ही युक्ती. पण कमी शिसे आणि कमी दारू म्हणजे धक्काही कमी, हे तिचे दुसरे फळ.

पोलादभाऊजी काचेला नाक लावून दस्ते पाहत होते. पुढच्या काळातल्या बंदुकांचे दस्ते अरुंद आणि चंद्रकोरीसारखे खोल वळलेले, पितळ मढवलेले. ती कोर दंडावर टेकवायची असते. चुकून खांद्याच्या सांध्यावर ठेवली तर तिची दोन टोके शिंगांसारखी रुततात. आधीच्या काळातले दस्ते मात्र रुंद आणि सपाट होते. ते पाहता पाहता पोलादभाऊजी थबकले. "असला दस्ता मी कुठे पाहिलाय, ठाऊक आहे?" ते म्हणाले. "माझ्या दिवाणखान्यात. सासऱ्यांची बंदूक. वीस वर्षं भिंतीवर लटकली आहे. मला ती कमजोर वाटायची."

त्या रात्री मी वही काढली. चौतीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? गोळी पुढे जाते म्हणून बंदूक मागे येते, हा न्यूटनचा नियम मुलेही सांगतात. मुले विसरतात ते असे, की दारूही नळीतून बाहेर पडते. तिचा वायू आणि धूर यांनाही वजन असते, आणि त्याचाही धक्का खांद्यालाच बसतो. काळ्या दारूत ही गोष्ट थोडीथोडकी नाही. पोलादभाऊजींची जुनी बंदूक तीन किलोची. तिच्यात ते ३५० ग्रेन वजनाची लांबट गोळी घालीत आणि तिच्यामागे ९० ग्रेन दारू. सासऱ्यांची बंदूक चार किलोची, अर्ध्या इंचाच्या नळीची. तिची गोल गोळी १७७ ग्रेनची, आणि दारू त्यांनी ठरवली ६० ग्रेन. १८० ग्रेन म्हणजे आपला एक तोळा आणि १५ ग्रेन म्हणजे एक मासा. म्हणजे पूर्वी गोळी दोन तोळे आणि दारू सहा मासे; आता गोळी एक तोळा आणि दारू चार मासे. गोळीचे आणि धुराचे वेग अदमासाने धरून मी गणित केले. धक्क्याची ऊर्जा २६ ज्यूलवरून ८ वर आली. एक तृतीयांशाहूनही कमी!

मी मोठ्या आनंदाने सौ.ला म्हटले, "पोलादभाऊजींनी दारू कमी केली."

"बरं झालं," ती म्हणाली. "त्यांच्या बाईंना केवढा घोर होता!"

गैरसमज दूर करायला पंधरा मिनिटे लागली.

दुसऱ्या दिवशी मी पुढचा उपाय घेऊन गेलो. तोच धक्का जड बंदुकीला कमी हलवतो. तेव्हा दस्त्यात आणखी किलोभर शिसे भरावे. पोलादभाऊजी हसले. "आणि ती उचलायची कुणाच्या हातानं?" खांद्याच्या तक्रारी दोन होत्या, आणि मी एकीचेच गणित केले होते. धक्क्यासाठी बंदूक जड हवी, उचलण्यासाठी हलकी. या पेचावरचा उपाय त्यांच्यापाशी होता: दोन काठ्या वरच्या टोकाशी चामड्याने बांधून केलेली कात्री. बंदुकीचे पुढचे वजन त्या कात्रीवर टेकवायचे, खांद्याने फक्त मागचे टोक सांभाळायचे. मी विचारले, डावा खांदा का नाही? तर म्हणाले, चकमक उजव्या बाजूला आहे. बंदूक डावीकडे घेतली की रंजकाचा भडका आणि ठिणग्या डोळ्यांसमोरच उडतात. शिवाय साठ वर्षे उजव्या डोळ्याने नेम धरलेला माणूस आता डावा डोळा कुठून आणणार?

त्यांच्या मेव्हण्याच्या शेतावर सराव सुरू झाला. मातीच्या उंच बांधावर कागद लावला होता. पहिले बार करताना बंदूक टेबलावर टेकवून दस्ता आणि खांदा यांच्यामध्ये वाळूची पिशवी ठेवली, म्हणजे नेम कळावा आणि मार पिशवीने खावा. बसून नेम धरणाऱ्याचे अंग जागचे हलत नाही, म्हणून धक्का जास्त लागतो. उभ्या माणसाचे अंग थोडे मागे झुलते आणि धक्का झेलते. क्रिकेटचा चेंडू हात मागे घेत झेलावा, तसेच हे. दस्ता मात्र खांद्याशी घट्ट हवा. आजोबांना हे कुणी सांगितले असते तर! दिवसाला तीनच बार, हा नियम. बाकीचा सराव बिनदारूचा: चकमकीच्या जागी लाकडाचा तुकडा लावायचा आणि नुसता चाप ओढायचा. चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत या बंदुकीत क्षणभराची फट असते. धक्क्याला भ्यालेला माणूस नेमका त्या फटीत दचकतो आणि गोळी भलतीकडे जाते. धक्क्यापेक्षा धक्क्याची धास्तीच जास्त नडते. चार माशांवर ती धास्ती गेली, आणि कागदावरची भोके जवळ जवळ येऊ लागली.

दारू ओतण्याचे काम ते शिंगाच्या मापाने करीत, आणि दारू काळीच. हल्लीच्या काडतुसांतली बिनधुराची दारू असल्या बंदुकीत चिमूटभरही घालायची नाही, नळी फुटते, हे त्यांनी मला दोनदा बजावले. जणू मी डोंबिवलीला जाऊन बार काढणार होतो. दारू कमी झाल्याने गोळी नळीत आणखी खाली जाऊन बसे. म्हणून गजावरची जुनी खूण पुसून त्यांनी नवी खूण केली. खुणेपर्यंत गज गेला, म्हणजे गोळी दारूवर नीट बसली. मध्ये पोकळी राहिली तर धोका.

सगळे जमत आले, तेव्हा सौ.ने तोंड उघडले. इतके दिवस ती ऐकत होती. लेकीला मध्ये घालून तिने पोलादभाऊजींना विचारले, "तुमच्या खांद्याचा त्रास तुम्ही कमी केलात. पण त्यामुळे त्या हरणाचा त्रास वाढत नाही ना?"

टेबलाशी कोणी काही बोलले नाही. मलाही वहीत हे गणित सापडले नव्हते. पोलादभाऊजींनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि गंभीरपणे उत्तर दिले. गोल गोळीचा वेग हवेत भरभर उतरतो. जवळून ती पुरेशी आहे, जागच्या जागी काम करते. लांबून मारली तर जनावर जखमी होऊन रानात जाते आणि कुठेतरी रात्रभर तळमळते. "जुन्या बंदुकीनं मी शंभर पावलांवरून मारीत असे," ते म्हणाले. "हिच्यानं चाळीस. त्याच्या पुढे नाही."

"दिसलं तरी नाही?"

"दिसलं तरी नाही."

"मग मी एक वस्तू शिवून देते," सौ. म्हणाली.

दोघी बायकांनी मिळून दस्त्यासाठी एक गादी शिवली. आत लोकरीचा नमदा, त्यावर सौ.च्या जुन्या सुती पातळाचे सहा थर, गोधडीचे बारीक टाके, आणि वरून मऊ चामडे. पेनसिल्व्हेनियाच्या बंदुकीला राजापुरी गोधडी! गादीने धक्का लोपत नाही; तो जास्त जागेवर पसरतो आणि थोडा जास्त वेळ घेऊन येतो, एवढेच. पण तोळामासा खांद्याला तेवढेही पुष्कळ. गादीच्या जाडीमुळे दस्ता लांब झाला, म्हणून जाड कोटाऐवजी पातळ कोट घालावा लागला. गादी देताना सौ. म्हणाली, "चाळीस पावलांची आठवण म्हणून."

त्या नाताळात थंडी अशी पडली, की नळाचे पाणी गोठू नये म्हणून लेक रात्री तोटी किंचित सोडून ठेवी. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पोलादभाऊजींबरोबर निघालो, अर्थात बघ्या म्हणून. त्यांनी मला दुरून दिसावे म्हणून नारिंगी जाकीट आणि टोपी चढवली. सौ. म्हणाली, "दिंडीला निघाल्यासारखे दिसताय."

मेव्हण्याच्या शेतामागे ओक वृक्षांचे रान आहे. एका पडक्या दगडी कुंपणाला टेकून आम्ही बसलो. पोलादभाऊजींनी आधीच पावले मोजून चाळीसाव्या पावलावरच्या झाडाला सुतळी बांधून ठेवली होती. नऊ वाजले, दहा वाजले. पायांची बोटे माझी आहेत की नाहीत, हे कळेनासे झाले. दुपारी एक मादी आणि दोन पिल्ले दूरवरून गेली. पुन्हा शांतता.

साडेतीनच्या सुमारास तो आला. मोठा नर, शिंगांचा डौलदार पसारा. सुतळीच्या झाडापलीकडे, मला वाटते सत्तर पावलांवर, तो आडवा उभा राहिला आणि ओकाची फळे हुंगू लागला. पोलादभाऊजींनी बंदूक हळूच कात्रीवर ठेवली, गादी खांद्याशी घेतली. मी श्वास धरला. घोडा मागे ओढल्याचा बारीक आवाज झाला. नर एक पाऊलही पुढे येईना. एक मिनिट गेले, दोन गेली. मग तसाच बारीक आवाज पुन्हा झाला: त्यांनी घोडा अलगद खाली बसवला होता. नराने मान वर केली, पांढरी शेपूट निशाणासारखी उभारली आणि चार उड्यांत तो दिसेनासा झाला.

"मारता आला असता," मी पुटपुटलो.

"जुन्या खांद्यानं, हो," ते म्हणाले आणि गादीवरून हात फिरवला. आवाजात खंत होती. ती त्यांनी लपवली नाही, आणि वाढवलीही नाही.

अंधार पडण्याआधी भरलेली बंदूक रिकामी करायची होती. शेतातल्या मातीच्या बांधासमोर उभे राहून त्यांनी बार काढला. रंजक भडकली, पांढऱ्या धुराचा लोट उठला, आणि ते मात्र जागेवरून हलले नाहीत. मी विचारले, "खांदा?"

"खांदा ठीक आहे," ते म्हणाले. "गुडघे गेले. दिवसभर दगडावर बसवलंत मला!"

परतताना बेथलेहेम जवळ आले तेव्हा दक्षिणेच्या डोंगरावरचा तारा लागलेला होता. लेकीच्या ओसरीत आकाशकंदीलही पेटला होता. दिवाळीनंतर तो कुणी उतरवलाच नव्हता, आणि आता तो त्या आळीतल्या ताऱ्यांत सहज खपून गेला होता. सौ. दारातच उभी होती.

"काय मिळालं?"

"काही नाही. सत्तर पावलांवर होता. सोडून दिला."

"आणि खांदा?"

"शाबूत आहे."

"मग आणखी काय हवं होतं?" असे म्हणून ती चहाचे आधण ठेवायला आत गेली. जाताना कुंपणापलीकडे पाहून तिने हात हलवला. तिकडून पोलादभाऊजींनीही हात केला. हात उजवा होता. खांद्याच्या वर मात्र तो गेला नाही.